बंदिवासातील वंशवेल

पोर्तो रिको बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर पुंता सांतियागो ही वस्ती आहे, आणि तिच्यासमोर समुद्रात, होडीने सहज पोहोचता येईल अशा अंतरावर, सुमारे ३८ एकरांचे कायो सांतियागो नावाचे एक बेट आहे. आजमितीस त्या बेटावर दीड-दोन हजार लाल तोंडाची माकडे मोकळेपणाने नांदत आहेत; आणि कॅरिबियन समुद्रातील या माकडांचे मूळपुरुष व मूळमाता, झाडून सारे, १९३८ साली लखनौच्या आसपासच्या मुलखातून पकडून, कलकत्त्याच्या बंदरातून आगबोटीवर चढवून तेथे नेलेले होते. त्यानंतर बाहेरचे एकही माकड त्या बेटावर आणून सोडलेले नाही. त्यामुळे ज्यांना शास्त्रज्ञ ऱ्हीसस म्हणतात त्या आपल्या देशी माकडांची, परमुलखात केवळ जन्माच्या बळावर टिकून राहिलेली, ही सर्वांत जुनी वसाहत ठरली आहे. माकडांची बंदिवासातील पैदास आणि त्यांचे आरोग्य यांचा इतिहास लिहावयाचा तर आरंभ येथून करणे मला उचित वाटते. कारण या विद्येने जे काही कमावले आणि जे काही गमावले, त्याची साक्ष या एका बेटाच्या दफ्तरात सापडते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत युरोप-अमेरिकेतील प्रयोगशाळांना माकडे लागत, आणि ती हिंदुस्थानातून हवी तितकी मिळत. पारध्यांनी पकडावी, दलालांनी बंदरावर आणावी, बोटीच्या तळाशी पिंजरे रचून रवाना करावी आणि वाटेत मेलेल्यांचा आकडा खरेदीच्या हिशेबात धरून टाकावा, अशी ती वहिवाट होती. जो प्राणी इतका स्वस्त, त्याची पैदास करण्याचे कष्ट कोण घेणार? माकडीण किती दिवस गाभण असते, तिचा ऋतुकाल केव्हा येतो, पिल्लू आईचे दूध केव्हा सोडते, इतक्या प्राथमिक गोष्टींविषयीसुद्धा त्या काळच्या वैद्यकाला निश्चित माहिती नव्हती. या उदासीनतेला एक ठळक अपवाद म्हणजे बाल्टिमोर येथील कार्नेगी संस्थेचे भ्रूणविज्ञान खाते. तेथे १९२५ साली कार्ल हार्टमन यांनी ऱ्हीसस माकडिणींचा एक कळप उभा केला, आणि प्रत्येक मादीची रोजची नोंद ठेवण्याचा परिपाठ घातला. मादीला इजा न करता गुदमार्गाने बोटाने चाचपून बीजकोशाचा आकार व काठिण्य अजमावण्याची हातोटी त्यांनी कमावली. बीज केव्हा पक्व होते आणि केव्हा सुटते हे केवळ स्पर्शाने सांगता येऊ लागले.

या कष्टांतून जे निष्पन्न झाले त्याचे महत्त्व माकडांपुरते राहिले नाही. कुत्रीच्या रक्तस्रावावरून अनुमान बांधून स्त्रीचा गर्भधारणेचा काळ पाळीच्या लगत असतो असे मानण्याची वैद्यकातील रूढी दीर्घकाळ चालत आली होती. माकडिणीचे चक्र स्त्रीप्रमाणेच सरासरी २८ दिवसांचे असते, आणि बीज सुटते ते दोन पाळ्यांच्या मधोमध, हे हार्टमन यांनी दाखवून दिले. जपानात ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाउस त्याच सुमारास स्त्रियांच्या बाबतीत स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला येत होते. गर्भकाल सुमारे १६५ दिवसांचा, एका वेळी बहुधा एकच पिल्लू, आणि उन्हाळ्याच्या महिन्यांत पाळी येत असली तरी पुष्कळदा बीज सुटतच नाही, या गोष्टीही बाल्टिमोरच्या कळपाने स्पष्ट केल्या. पुढे येल विद्यापीठात गर्ट्रूड व्हॅन वॅगेनन या विदुषीने कित्येक दशके आपला कळप सांभाळला आणि त्यातील गर्भधारणा, गर्भपात, मृतजन्म यांची इतकी चोख नोंदवही ठेवली, की पुढच्या पिढ्यांतील पैदास-केंद्रांना आपले यशापयश मापण्यास ती प्रमाण झाली. या दोघांच्या कळपांत मात्र माकडे पिंजऱ्यांत राहत. नर आणि मादी यांची गाठ ठरल्या दिवशी, माणसाच्या सोयीने पडे. माकडांचे शरीर अशा रीतीने उलगडले. त्यांचा समाज अजून अज्ञातच होता.

कायो सांतियागोची कल्पना क्लॅरेन्स रे कार्पेंटर यांच्या पुढाकाराने साकार झाली. युद्धाचे ढग जमू लागले होते, समुद्रमार्ग बंद झाले तर हिंदुस्थानातील माकडे मिळणे बंद होईल ही धास्ती होती, आणि क्षयरोगापासून मुक्त अशी माकडे पाश्चात्य गोलार्धातच पैदा करावीत, असा सान जुआन येथील उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या विद्यालयाचा आणि कोलंबिया विद्यापीठाचा मनोदय होता. कार्पेंटर स्वतः हिंदुस्थानात आले, माकडांची जमवाजमव करून त्यांच्याबरोबर आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या लांबच्या समुद्रप्रवासाला निघाले, आणि १९३८ च्या अखेरीस ४०९ माकडे बेटावर सोडण्यात आली. पहिल्या दिवसांत माजलेली धुमश्चक्री सहज कल्पिता येण्यासारखी आहे. वेगवेगळ्या गावांतील, एकमेकांना सर्वथा अपरिचित असे जीव एका निर्जन भूमीवर एकदम उतरवले गेले होते. मारामाऱ्या झाल्या, पिल्ले मेली. आणि मग हळूहळू, कोणाच्याही हुकमाविना, टोळ्या बांधल्या गेल्या, टापू वाटले गेले आणि त्यांची व्यवस्था लागली.

युद्धकाळात बेटाची आबाळ झाली. पैसा आटला, कित्येक माकडे प्रयोगांसाठी उचलून नेली गेली, उरलेल्यांच्या खाण्याचीही भ्रांत पडली. १९५६ साली स्ट्युअर्ट आल्टमन हा तरुण अभ्यासक तेथे दाखल झाला. त्याने प्रत्येक माकड ओळखून त्यावर खूण गोंदविली आणि नव्याने शिरगणती सुरू केली. ती आजतागायत चालू आहे. दरसाल एका ठरावीक हंगामात वर्षाची झालेली पिल्ले एका कुंपणबंद आवारात खाद्याच्या आमिषाने पकडतात, त्यांच्या छातीवर व मांडीच्या आतल्या बाजूस अक्षर-अंकांची खूण गोंदतात, कानाला ठरावीक ठिकाणी छेद देतात, रक्ताचा नमुना घेतात आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्यांच्या आयांकडे सोडून देतात. कोण कोणाच्या पोटचे, कोण कोणत्या टोळीत, कोण केव्हा मेले, याचे असे अखंड दफ्तर मनुष्येतर प्राण्यांच्या बाबतीत जगात फारच थोड्या ठिकाणी आहे. मेलेल्यांचे सांगाडेही जतन केले जातात. आजी, आई आणि नात यांची हाडे एकाच संग्रहालयात शेजारी-शेजारी ठेवलेली आढळतील.

या दफ्तरातून जी गोष्ट उजेडात आली तिचा पैदाशीच्या व्यवहारावर मोठा परिणाम झाला. माकडांच्या टोळीचा कणा नर नव्हे, तर मादीचे घराणे होय. मुलगी जन्मभर आईच्या टोळीत राहते, प्रतिष्ठेत आईच्या खालोखाल असते, आणि डोनल्ड सेड यांच्या निरीक्षणाप्रमाणे बहिणींत धाकटी ही थोरलीच्या वर चढते. मुलगे मात्र वयात आले की टोळी सोडून दुसरीकडे जातात, आणि त्यामुळे आप्तसंबंधातील संकर आपोआप टळतो. मनुष्याने बांधलेल्या आवारात हे घडत नाही. तेथे नर कोठे जाणार? म्हणून व्यवस्थापकाला काही वर्षांनी नर बदलावे लागतात, वंशावळी पाहाव्या लागतात, आणि तरुण नर मुद्दाम दुसऱ्या कळपात हलवावे लागतात. निसर्गात जे पाय करतात ते काम बंदिवासात नोंदवहीला करावे लागते.

आणि नोंदवही वाचण्यात चूक झाली तर तिचे प्रायश्चित्त कळप भोगतो. मोठ्या आवारांतील टोळ्यांमध्ये, कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील केंद्राच्या अनुभवाप्रमाणे, एखाद्या श्रेष्ठ घराण्यातील महत्त्वाची मादी वा नर आजारपणामुळे किंवा अन्य कारणाने काढून नेला, की कधीकधी खालची घराणी उलटतात आणि संपूर्ण श्रेष्ठ कुळाची कत्तल उडते. एका प्राण्याच्या उपचारासाठी केलेली उचल दहा प्राण्यांच्या जखमांना कारण होते. म्हणून आज जाणते पशुवैद्य किरकोळ जखमेला कळपातच भरू देतात, आणि उपचारासाठी नेलेच तर शक्य तितक्या लवकर परत सोडतात. कारण फार दिवस बाहेर राहिलेल्या जिवाला टोळी पुन्हा थारा देत नाही. औषध द्यावे की न द्यावे याचा निर्णय येथे रोगाइतकाच समाजावर अवलंबून असतो.

कायोवर तर वैद्यकीय हस्तक्षेप जवळजवळ करीतच नाहीत. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, तो धनुर्वाताचा. विणीच्या हंगामापूर्वी, समागमाच्या काळात नरांच्या झुंजी माजतात, माद्यांनाही चावे बसतात, जखमा मातीत माखतात, आणि धनुर्वाताने मरणाऱ्यांची संख्या तेथे फार मोठी असे. ताठरलेला जबडा, धनुष्यासारखी वाकलेली पाठ आणि शुद्धीवर असतानाच आलेले मरण, हे दृश्य तेथील निरीक्षकांनी वर्षानुवर्षे पाहिले. १९८५-८६ च्या सुमारास सर्व माकडांना प्रतिबंधक लस टोचण्यात आली आणि पुढे वार्षिक शिरगणतीच्या वेळीच नव्या पिल्लांना ती देण्याची तजवीज झाली. बेटावरून धनुर्वात नाहीसा झाला. एका साध्या, स्वस्त लशीने मृत्यूचे मान इतके उतरावे, ही या इतिहासातील निर्मळ आनंदाची जागा आहे.

विणीच्या हंगामाविषयीही बेटाने एक गोष्ट शिकविली. उत्तर हिंदुस्थानात या माकडांची पिल्ले मुख्यतः वसंतात, मार्च ते मे या काळात जन्मतात. कायोवर मात्र हे वेळापत्रक पुढेमागे सरकले. तेथील अभ्यासकांना आढळले की वसंतातील पावसानंतर जी हिरवळ फुटते तिच्याशी समागमकाळाच्या आरंभाचा संबंध आहे. पूर्वजांच्या मुलखाचे पंचांग रक्तात कायमचे कोरलेले नव्हते. पाऊस पाहून ते नव्याने मांडले जात होते.

आता क्षयरोगाकडे वळले पाहिजे, कारण या रोगाच्या भयातून पैदाशीच्या काही वसाहती जन्मल्या. ऱ्हीसस माकडाला क्षय माणसाकडून होतो. रानात तो क्वचित, आणि पिंजऱ्यात, बाजारात, बोटीवर माणसाच्या सहवासात आला की वणव्यासारखा. खोकला दिसेपर्यंत निम्मा कळप ग्रासलेला असतो. त्याची परीक्षा पाहण्याची जी रीत रूढ झाली ती अत्यंत मार्मिक आहे. बारीक सुईने वरच्या पापणीच्या कडेच्या त्वचेत क्षयजंतूंपासून काढलेले ट्युबरक्युलिन किंचित, सुमारे दशांश मिलिलिटर, टोचतात; आणि मग २४, ४८ व ७२ तासांनी पापणी पाहतात. पापणी सुजून डोळा अर्धवट मिटला तर माकड बाधित समजावे. पापणीच निवडण्याचे कारण असे, की ती पाहण्यासाठी माकडाला पुन्हा पकडावे लागत नाही. पिंजऱ्याबाहेर उभे राहून, त्याने आपल्याकडे नजर वळविली की निदान होते. तथापि हीही परीक्षा सर्वस्वी विश्वसनीय नाही. रोग पराकोटीला गेलेल्या माकडाचे शरीर प्रतिक्रियाच देत नाही, त्याची पापणी स्वच्छ दिसते, आणि तेच साऱ्या खोलीला रोग वाटीत बसते. म्हणून नव्या माकडांना आठवडेच्या आठवडे वेगळे ठेवावे, परीक्षा पुन:पुन्हा करावी, आणि जे नोकर माकडांना खाऊ घालतात त्यांचीही क्षयपरीक्षा नियमाने व्हावी, हा दंडक पडला. माकडांना माणसापासून वाचविणे हेच या शाखेचे निम्मे काम आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. गोवराचीही तीच गत. नोकराच्या घरातील गोवर कळपात शिरल्याची उदाहरणे आहेत.

उलट दिशेचा धोकाही खरा होता. १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये पोलिओवर संशोधन करणारे विल्यम ब्रेब्नर हे तरुण डॉक्टर, वरवर निरोगी दिसणाऱ्या माकडाच्या चाव्याने मेंदूला सूज येऊन दगावले. त्यांच्या शरीरातून वेगळ्या केलेल्या विषाणूला त्यांच्या आडनावाच्या आद्याक्षरावरून 'बी' हे नाव मिळाले. हा विषाणू माकडांना फारसा त्रास देत नाही, पण वयात आलेल्या बहुतेक माकडांच्या अंगी तो दडलेला असतो; माणसाला तो मारक. म्हणून पुढील काळात अशा विषाणूंपासून मुक्त कळप निर्माण करण्याचे प्रयत्न सुरू झाले, आणि त्यांची पद्धत एका गोष्टीवर उभी आहे: हा विषाणू पिल्लांना सहसा लहानपणी जडत नाही, तर वयात येताना चाव्यांतून व समागमातून जडतो, म्हणून पिल्लांना आईचे दूध व सहवास मिळू देऊन, वयात येण्यापूर्वी समवयस्कांच्या गटात वेगळे करावे आणि वारंवार रक्त तपासावे.

येथे आईचा सहवास हे शब्द मी जाणूनबुजून लिहिले. कारण ते वगळल्याने काय होते याचा धडा विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे फार महागात मिळालेला होता. तेथील हॅरी हार्लो यांना रोगग्रस्त आयात माकडांचा उबग आल्याने त्यांनी १९५५ च्या सुमारास स्वतःची पैदास आरंभली, आणि पिल्लांना आजार लागू नये म्हणून जन्मल्यावर ६ ते १२ तासांच्या आत आईपासून अलग करून, स्वच्छ पिंजऱ्यांत, बाटलीच्या दुधावर वाढविले. अशी साठांहून अधिक पिल्ले वाढली. ती टवटवीत होती, वजनाने भरलेली होती, आणि मरणाचे प्रमाण अल्प होते. तत्कालीन कोणत्याही पशुवैद्याने प्रशंसा केली असती असा तो कळप होता. पिल्ले वयात आली तेव्हा मात्र कळून चुकले की त्यांना समागमच साधत नाही. नर मादीकडे कसे जावे हे जाणत नव्हते, माद्या घाबरून बसत किंवा चावा घेत. कित्येक जीव दिवसभर एकाच जागी स्वतःचे अंग कवटाळून झुलत असत. ज्या थोड्या माद्यांना गर्भ राहिला त्यांतील पुष्कळींनी आपल्या पहिल्या पिल्लाला जवळ घेतले नाही. काहींनी त्याला जमिनीवर रगडले, काहींनी चावून मारले. पैदाशीसाठी उभारलेला कळप पैदास करण्यासच असमर्थ निघाला.

हार्लो यांनी या अपयशाचे रूपांतर मातृप्रेमाच्या प्रसिद्ध प्रयोगांत केले, आणि त्यातील काही प्रयोग, विशेषतः पिल्लांना पूर्ण एकांतात कोंडण्याचे, इतके निष्ठुर होते की त्यांचे समर्थन मला करवत नाही. तरीसुद्धा त्या कळपाची साक्ष नाकारता येणार नाही: रोगजंतूंपासून वाचविलेला देह म्हणजे निरोगी प्राणी नव्हे, माकडाच्या बाबतीत आरोग्य आणि प्रजनन या दोहोंचे उगमस्थान आईच्या छातीशी आणि समवयस्कांच्या खेळात आहे. पुढे असेही दिसले की दुसऱ्या पिल्लाच्या वेळी यांतील कित्येक माद्या बऱ्यापैकी आया झाल्या, आणि लहानग्या, धीट पिल्लांच्या संगतीत ठेवल्यावर एकांतात वाढलेली काही माकडे सावरली. म्हणजे माकडांचा उपचारही माकडांनीच केला.

इतके ज्ञान मिळाले असूनही पैदाशीचा व्यवहार दीर्घकाळ किरकोळच राहिला, आणि त्याचे कारण पुन्हा आपला देश होता. पोलिओची लस माकडांच्या मूत्रपिंडांतील पेशींवर वाढविली जात असे. १९५५ साली साल्क यांची लस यशस्वी झाल्यावर मागणी अफाट वाढली, आणि त्या दशकाच्या अखेरीस हिंदुस्थानातून वर्षाला एक लाखाहून अधिक माकडे परदेशी जात होती. १९५५ च्या आरंभी लंडनच्या विमानतळावर सुमारे चारशे माकडे गुदमरून मेली. लोकक्षोभ उसळला, सरकारने काही काळ निर्यात बंद केली आणि पुढे केवळ वैद्यकीय कामासाठी, अटी घालून परवाने दिले. चार्ल्स साउथविक आणि अलीगढ विद्यापीठातील त्यांचे सहकारी यांनी १९५९-६० मध्ये उत्तर प्रदेशात माकडांची पाहणी केली, तेव्हा टोळ्यांतून अर्धवट वयाची माकडे जवळजवळ नाहीशी झालेली आढळली. पारध्यांना तीच हवी असत. उद्याच्या आया पिंजऱ्यांत चालल्या होत्या. निर्यातीची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली गेली, आणि अमेरिकेत या माकडांवर न्यूट्रॉन-किरणांचे लष्करी प्रयोग होत असल्याचे उघड झाल्यावर मोरारजी देसाई यांच्या सरकारने १ एप्रिल १९७८ पासून निर्यात पूर्णपणे बंद केली. हा निर्णय न्याय्य होता, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. पिंजऱ्यांची रांग थांबली तेव्हा कोठे पाश्चात्य देशांनी पैदाशीकडे गांभीर्याने पाहिले. दक्षिण कॅरोलायनातील मॉर्गन बेटावर १९७९-८० मध्ये पोर्तो रिकोतून सुमारे चौदाशे माकडे नेऊन वसविण्यात आली.

आता आपल्याकडे पाहू. २०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला कोविडच्या स्वदेशी लशीची परीक्षा ऱ्हीसस माकडांवर करावयाची होती, आणि त्यासाठी लागणारी प्रयोगशाळेत जन्मलेली तरुण, निरोगी माकडे देशात उपलब्ध झाली नाहीत. टाळेबंदी चालू असताना, महाराष्ट्राच्या वनखात्याच्या साहाय्याने, नागपूरच्या परिसरातील रानातून माकडे धरावी लागली, आणि त्यांतील २० माकडांवर ती परीक्षा झाली. ज्या भूमीने साऱ्या जगाला लक्षावधी माकडे पुरविली, तिच्याच संस्थेला ऐन महामारीत जंगलात जाळे घेऊन फिरावे लागले. रानातून आलेल्या माकडाचा पूर्वेतिहास कोणाला ठाऊक नसतो, आणि ते रानातून उचलले गेल्याने मागे कोणती टोळी विस्कटली याची नोंद कोणत्याही दफ्तरात नसते.

या प्राण्यांवर प्रयोग करूच नयेत असे मानणाऱ्यांविषयी मला आदर आहे, आणि अशा प्रयोगांची गरज उरू नये असे मलाही वाटते. परंतु जोवर शासन आणि शास्त्र ती गरज मानीत आहे, तोवर या माकडांची पैदास आणि निगा नीट करणे हे त्या दोघांवरचे ऋण आहे. ऱ्हीससची मादी वयात यायला तीन-साडेतीन वर्षे लागतात, पहिले पिल्लू साधारण चौथ्या वर्षी, आणि त्यानंतर वर्षाला फार तर एक. त्या पिल्लाला आईजवळ वाढू द्यावयाचे, त्याच्या टोळीची घडी बसू द्यावयाची, त्याची वंशावळ राखावयाची, तर एक विश्वसनीय कळप उभा राहण्यास दहा-पंधरा वर्षे हवीत. साथ आल्यावर तो उभा करता येत नाही. ज्यांच्या हाती हा निर्णय आहे त्यांनी तो पुढची साथ येण्यापूर्वी घ्यावा, आणि घेताना कायो सांतियागोचे दफ्तर एकदा समोर ठेवावे.